आदत, दुसा आणि शंभर मीटर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक मैदान. ऑगस्ट महिना, पावसाने दोन दिवस उघडीप दिली म्हणून घाईघाईने उरकून घेतलेल्या शालेय स्पर्धा. प्राथमिक गट, मुलगे, 100 मीटर. चुन्याच्या रेषा निम्म्या वाहून गेलेल्या. रेषेवर आठ पोरं उभी, पाच जणांच्या पायात काही नाही. तिसऱ्या लेनमधल्या पोराला मिसरूड फुटलेलं, मांड्या भरलेल्या, आवाज घोगरा. चौथ्या लेनमधलं पोरगं त्याच्या खांद्यालाही लागत नव्हतं. शिट्टी झाली. एका बाजूने 'पळ पळ', दुसऱ्या बाजूने कानडीत 'ओडु ओडु', आणि पन्नास मीटरवरच निकाल लागला. मिशीवाला पहिला, बारका सहावा.

मागे उभ्या असलेल्या पालकांत कुजबुज सुरू झाली. "दाखला बघा की त्याचा." दाखला बघितला. दोघंही तेरा वर्षांचे. उलट बारकाच दोन महिन्यांनी मोठा निघाला.

कुणी चोरी केली नव्हती, कुणाचं वय लपवलं नव्हतं. तरीही ती शर्यत तेरा वर्षांच्या दोन मुलांमधली नव्हती. असं कसं, हे आपल्या भागातले बैलवाले एका वाक्यात सांगतील. शर्यतीच्या खोंडाचा जन्मदाखला कुणी मागत नाही. तोंड उघडून दात बघतात. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. आदतीच्या गटात दुसा घुसवला तर मैदानातच हातघाईवर येतात लोक. आणि आदत खोंडाला कुणी शहाणा माणूस दिवसभर नांगराला जुंपत नाही.

माणसाच्या पोरांना मात्र आपण दाखल्यावर पळवतो.

दाखल्यावरचं वय आणि अंगातलं वय

प्रत्येक वाढत्या मुलाला दोन वयं असतात. एक कागदावरचं, दुसरं हाडांचं. लहानपणी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मग एक वर्ष असं येतं की चप्पल तीन महिन्यांत अपुरी पडते आणि पँट घोट्याच्या वर जाते. उंची वाढण्याचा वेग त्या वर्षी सर्वांत जास्त असतो. मुलींमध्ये हा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि त्या वर्षात आठेक सेंटिमीटर उंची वाढते. मुलग्यांमध्ये तो चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, वाढ नऊ-दहा सेंटिमीटर.

पण ही झाली सरासरी. एखाद्या मुलग्याला हा उसळीचा काळ बाराव्या वर्षीच गाठतो, एखाद्याला सोळाव्या वर्षी. दोघंही निरोगी. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन पोरांच्या अंगातल्या वयात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. ज्याची उसळी होऊन गेली, त्याचे स्नायू भरतात, हृदय मोठं होतं, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं, ढांग लांबते. हे सगळं त्याने मैदानावर कमावलेलं नसतं. स्टॉपवॉच मात्र गुणवत्ता आणि मिसरूड यांत फरक करत नाही.

त्यात जन्मतारखेची गंमत वेगळीच. वयोगटाची रेषा एका ठरावीक तारखेला आखली जाते, म्हणून रेषेनंतर लगेच जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या रेषेच्या तोंडावर जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असूनही दोघं एकाच गटात पळतात. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तेरावा हिस्सा. (आमच्या पिढीचा प्रश्नच नव्हता. गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या वर्गाचा जन्म 1 जूनला करून टाकला होता.)

अंगातलं वय ताडून बघायला दवाखाना लागत नाही, अंदाज घरीच येतो. आईबापांच्या उंचीची बेरीज करा, दोनाने भागा. मुलगा असेल तर त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर साडेसहा वजा करा. समजा बाप 168 सेंटिमीटर, आई 155. सरासरी 161.5. मुलगा साधारण 168 पर्यंत जाईल. चार बोटं इकडेतिकडे होणारच, हा हिशेब सोनाराच्या तराजूवरचा नव्हे. आता याच उंचीच्या अंदाजाची दोन मुलं घ्या. मिशीवाला आत्ताच 166 आहे, म्हणजे त्याची जवळपास 99 टक्के उंची झाली. बारका 150 वर आहे, म्हणजे 89 टक्के. एकाचं घर बांधून वर पत्रे चढले, दुसऱ्याच्या अजून भिंती उभ्या राहतायत. आणि आपण दोघांना एका रेषेवर उभं करून विचारतो, कोण चांगला धावपटू होणार?

काही देशांच्या फुटबॉल अकादम्यांत आता मुलांचे गट अधूनमधून अशाच पद्धतीने पाडतात, प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची झाली ते बघून. लवकर वाढलेल्याला तोडीस तोड भिडू मिळतो, ताकदीवर निभावून नेता येत नाही म्हणून त्याला डोकं वापरावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला निदान चेंडू तरी मिळतो. म्हणजे बैलवाल्यांच्या शहाणपणापर्यंत विज्ञान आलं म्हणायचं.

तेराव्या वर्षीचे विजेते पुढे कुठे जातात?

इटलीतल्या संशोधकांनी उंच उडी आणि लांब उडीतल्या खेळाडूंच्या कारकिर्दी उलट्या दिशेने तपासल्या. मोठेपणी देशात अव्वल ठरलेले खेळाडू सोळाव्या वर्षी कुठे होते? 2017 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की मोठेपणच्या अव्वल खेळाडूंपैकी फक्त 10 ते 25 टक्के सोळाव्या वर्षीही अव्वल होते. म्हणजे सोळाव्या वर्षीची यादी हातात धरून निवड केली असती, तर पुढच्या चार विजेत्यांपैकी निदान तिघांना घरी पाठवलं असतं. आणि आपण तर तेराव्या वर्षीच यादी करतो.

जर्मनीच्या आर्ने ग्युलिश यांनी सहकाऱ्यांबरोबर याहून मोठा पसारा मांडला, अनेक खेळांवरचे अभ्यास एकत्र केले. त्यांना दिसलं की जागतिक दर्जाला पोहोचलेले खेळाडू लहानपणी जास्त वेगवेगळे खेळ खेळले होते, आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती संथ होती. कुमारवयात चमकलेल्यांचं चित्र नेमकं उलटं: एकच खेळ, लवकर सुरुवात, भराभर प्रगती.

उदाहरण लांब शोधायला नको. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचा, पण धावपटू म्हणून नव्हे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, 2015 मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि 3000 मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) वळला तो 2017 मध्ये, म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्याने गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. 

नॉर्वेचा कार्स्टन वॉरहोम बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 45.94 सेकंदांत संपवून त्याने जग हलवलं. हा गडी 2013 च्या जागतिक युवा स्पर्धेत जिंकला होता तो ऑक्टॅथलॉनमध्ये. आठ प्रकार: पळणं, उड्या, फेकी, हर्डल्स, सगळं.

उलटी उदाहरणंही आहेत, ती लपवून चालणार नाही. उसेन बोल्ट पंधराव्या वर्षी, 2002 मध्ये किंग्स्टनला 20 वर्षांखालच्या गटात 200 मीटर जिंकला. नीरज चोप्राने 2016 मध्ये 86.48 मीटर भाला फेकून 20 वर्षांखालचा विश्वविक्रम केला आणि तोच 2021 मध्ये टोकियोला सुवर्णपदक घेऊन आला. पण बोल्ट 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दुखऱ्या पायाने पहिल्याच फेरीत बाद झाला होता, हे आपण विसरतो. त्याला आणखी चार वर्षं मिळाली. आपल्या तालुक्याच्या विजेत्याला कोण चार वर्षं देतं?

अ‍ॅथलेटिक्स हा उशिरा पिकणारा खेळ आहे. जिम्नॅस्टिक्ससारखा नव्हे, तिथे लवकर सुरुवात करावीच लागते. धावण्या-उड्यांतली सर्वोत्तम कामगिरी साधारण पंचविशीच्या आसपास येते, फेकीच्या प्रकारांत आणखी दोन-तीन वर्षांनी. मॅरेथॉनमध्ये तर केनियाच्या एलियुड किपचोगेने 2022 मध्ये बर्लिनला 2:01:09 ची वेळ दिली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. तेरा ते पंचवीस ही बारा वर्षं आहेत. त्या बारांपैकी पहिल्या दोन वर्षांत आपण पोराची सगळी साखर गाळून घेतो आणि चिपाडं शेतात टाकून देतो.

मिशीवाल्याचं काय होतं

लोकांना वाटतं या पद्धतीत नुकसान फक्त बारक्याचं होतं. मला विचाराल तर मिशीवाल्याचं जास्त.

तो जिंकतो, म्हणून त्याला 100, 200, लांब उडी आणि वर रिले अशा सगळ्यात घालतात. क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट), मग तालुका, जिल्हा, विभाग, नशीब असेल तर राज्य. मधे दसऱ्याच्या क्रीडास्पर्धा. मग 26 जानेवारीला कुठल्यातरी मंडळाची रस्त्यावरची शर्यत, बक्षीस रोख. ताकदीवर जिंकतोय म्हणून त्याला कुणी नीट पळायला शिकवत नाही. कशाला शिकवायचं, जिंकतोय की! दोन-तीन वर्षांनी बाकीच्यांची वाढ होते. बारका आता त्याच्याएवढा झालेला असतो. मिशीवाल्याची वेळ तिथेच थांबलेली, कारण ती वाढीने दिली होती आणि वाढ संपली. लोक म्हणतात, मोबाइलमुळे वाया गेला.

मी स्वतः छोटा मिशीवाला होतो. चौदाव्या वर्षी 800 मीटर तालुक्यात पहिला, जिल्ह्यात दुसरा. मग एका प्रशिक्षकांनी मला थेट भरतीच्या ग्रुपबरोबर जोडलं. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर, पायात बाटाचे कॅनव्हास. सहा महिन्यांत नडगी दुखायला लागली, रात्री चादर लागली तरी कळ यायची. "पळत राहा, मोडतंय ते" असं सांगितलं गेलं. सोळाव्या वर्षी मी संपलो होतो. त्या माणसाबद्दल मनात राग नाही. त्यालाही कुणी याहून वेगळं शिकवलं नव्हतं.

भरतीचा विषय निघालाच आहे तर बोलूया, कारण तो टाळून आपल्या भागातल्या पळण्याबद्दल लिहिणं खोटेपणा होईल. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरटी नाही तरी वाड्यावाड्यांत एक फौजी आहे. इथे पहाटे जी पोरं पळतात त्यातली बहुतेक पदकासाठी पळत नाहीत, 1.6 किलोमीटरसाठी पळतात. यात गैर काहीच नाही, त्या पळण्याने शेकडो घरं उभी राहिली. पण भरतीचं वय साडेसतराच्या पुढे सुरू होतं, आणि त्यांच्या मागे शेपटासारखी पळणारी पोरं बारा-तेरा वर्षांची असतात. दादा लोक 400 मीटरच्या आठ-आठ चकरा जीव तोडून मारतात, ही पोरंही मारतात. मोठ्यांचं शरीर अशा दमछाकीतून सुधारतं. वयात न आलेल्या मुलाच्या स्नायूंत दम कोंडून, पाय जड करून पळण्याची ती यंत्रणाच पुरती बसलेली नसते. त्यामुळे ओकारी येईपर्यंत पळवून फायदा थोडका, आणि पळण्याची किळस बसते ती कायमची. याच पोरांना खेळत, थांबत, पुन्हा पळत तासभर मैदानावर ठेवा, ती थकत नाहीत. मुलांचं शरीर त्यासाठीच बनलंय.

गुडघा आणि टाच

वाढीच्या वर्षात आधी पावलं वाढतात, मग पाय, मग धड. म्हणून पोरगं काही महिने उंटाच्या पिल्लासारखं दिसतं. काल सरळ पळणारं आज पायात पाय अडकवून पडतं. शिस्त गेली असं म्हणून ओरडू नका, त्याच्या मेंदूला नव्या लांबीच्या पायांची सवय व्हायचीय.

हाडं लांब होतात, पण स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तेवढ्या वेगाने लांब होत नाहीत. त्या ताणल्या जातात आणि जिथे हाडाला चिकटतात तिथे ओढ बसते. ती जागा वाढत्या वयात अजून कूर्चेची, मऊ असते. गुडघ्याच्या वाटीच्या दोन-तीन बोटं खाली टेंगूळ येऊन दुखतं त्याला डॉक्टर ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखतं ते सेव्हर. दोन्ही बरे होतात, पण उड्या आणि जोराचं पळणं कमी केलं तर. तेल लावून रगडून पळवलं तर वर्षभर रेंगाळतात. शिवाय उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडांत खनिज भरायला थोडा उशीर होतो, म्हणून त्या काळात हात-पाय मोडण्याचं प्रमाणही वाढतं.

अमेरिकेतल्या क्रीडा-वैद्यकांच्या अभ्यासातून निघालेला एक ठोकताळा सोपा आहे. आठवड्यात शिस्तीचा सराव जितके तास, तो आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा नको. बारा वर्षांचं मूल, बारा तास. त्याच्या पुढे गेलेल्या मुलांत दुखापती जास्त आढळल्या. आणि झोप: 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास. पहाटे साडेचारला उठवून पळवायचं आणि रात्री नऊला ट्यूशनहून आणायचं, या वेळापत्रकात ते तास कुठून येणार?

मुलींची गोष्ट वेगळी आहे

आपल्या शाळांत सातवीपर्यंत बऱ्याच मुली मुलग्यांना हरवतात. वाढीची उसळी त्यांना दोन वर्षं आधी येते, त्यामुळे साहजिक आहे. मग नववी-दहावीत बहुतेक मुली मैदानावरून गायब होतात. कारणं घरची असतात, लाजेची असतात, गणवेशाची असतात, शाळेत धड स्वच्छतागृह नसल्याची असतात. पण एक कारण शरीराचं आहे आणि ते नीट समजावून सांगितलं जात नाही.

उंचीचा वेग शिगेला पोहोचला की साधारण वर्षभरात पाळी सुरू होते. कंबर रुंदावते, अंगावर थोडी चरबी येते. ती यायलाच हवी. त्या एक-दोन वर्षांत धावण्याची वेळ थांबते, कधी मागेही जाते. तेराव्या वर्षी 14 सेकंदांत पळणारी मुलगी पंधराव्या वर्षी साडेचौदावर येते. सर म्हणतात, जाड झालीस. घरचे म्हणतात, आता पुरे. मुलगी जेवण कमी करते. आणि इथून खरं नुकसान सुरू होतं.

जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर काटकसर करतं. पहिली काटकसर पाळीवर होते: ती लांबते, बंद होते. काही प्रशिक्षक याला 'चांगला फिटनेस' समजतात. नव्हे, तो धोक्याचा लाल बावटा आहे. पाळी बंद म्हणजे हाडांना लागणारं संप्रेरक कमी, हाडं ठिसूळ, मग नडगीला बारीक तडे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं, आणि ते मुलग्यांनाही होतं हे सांगितलं. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर सराव थांबवून डॉक्टरकडे जायचं, एवढी एकच गोष्ट प्रत्येक पीटी शिक्षकाने आणि आईने लक्षात ठेवली तरी खूप झालं.

दुसरी गोष्ट रक्ताची. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणजे स्नायूंना पोचणारा प्राणवायू कमी. कित्येक 'आळशी' मुली खरं तर अशक्त असतात. 800 मीटरच्या वेळेआधी हिमोग्लोबिन तपासा. नाचणीची भाकरी, शेंगदाणे-गूळ, हिरवी भाजी आणि वर लिंबू पिळलेलं, शाळेत मिळणारं अंडं न टाकता खाणं, यात पैसे फारसे जात नाहीत. जेवणावर लगेच चहा तेवढा नको, तो लोह अंगाला लागू देत नाही.

ज्या मुलीला या दोन वर्षांत कुणी टिकवून धरलं, तिची वेळ सोळा-सतरानंतर पुन्हा सुधारायला लागते. तोवर शर्यतीत तिच्यासमोर फारसं कुणी उरलेलंच नसतं.

कपाटातला गोळा

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात एक लोखंडी गोळा असतो. कुणी, कधी आणला माहीत नाही. बऱ्याचदा तो 7.26 किलोचा असतो, म्हणजे मोठ्या पुरुषांचा. तेरा वर्षांचं पोरगं तो दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर ठेवतं आणि ढकलतं. गोळा चार मीटरवर पडतो, पोराची कंबर वाकडी.

जगभराच्या नियमांत हे वजन वयाप्रमाणे चढतं. मुलग्यांना 18 वर्षांखाली 5 किलो, 20 खाली 6, मग 7.26. मुलींना 18 खाली 3 किलो, नंतर 4. भाला मुलग्यांना 18 खाली 700 ग्रॅम, पुढे 800. मुलींना 500, पुढे 600. मुलग्यांच्या उंच हर्डल्सची उंची 91.4 सेंटिमीटर, मग 99.1, मग 106.7. ही दयामाया नव्हे. वजन झेपलं तरच हात वेगाने फिरतो आणि वेगाने फिरवण्याचीच सवय मेंदूत मुरते. जड वस्तू लहानपणी फेकणारा फक्त ढकलायला शिकतो आणि ती खोड पुढे जन्मभर जात नाही. 18 खाली 5 किलो असेल तर तेराव्या वर्षी त्याहून हलका हवा, हे सांगायला पुस्तक लागत नाही. हलका गोळा मिळत नसेल तर वाळू भरलेला चेंडू चालतो. भाल्याऐवजी आधी दगड, चेंडू, वेळूची काठी.

ताकदीबद्दलचा एक गैरसमज इथेच मोडून काढतो. व्यायामाने उंची खुंटते, याला पुरावा नाही. जोर, बैठका, दोर चढणं, एकमेकाला पाठीवर घेऊन चालणं हे दहाव्या वर्षापासून चालतं. तालमीत लहान पोरं हेच करतात. वजनाच्या सळ्या मात्र तंत्र शिकून, कुणीतरी समोर उभं असताना.

मग लहानपणी करायचं काय?

खेळायचं. हे उत्तर ऐकून पालक नाराज होतात, कारण खेळायला फी लागत नाही.

लंगडी ही फुकटात मिळालेली उड्यांची शाळा आहे: एका पायावर तोल, घोट्याची उसळी, दिशा बदलणं. ट्रिपल जंपच्या पहिल्या टप्प्यात यापेक्षा वेगळं काय असतं? खो-खोत पोरगं बसल्या जागेवरून झटक्यात उठून पळतं, तीच स्प्रिंटची सुरुवात. लगोरीत नेम आणि फेक. सूरपारंब्यांत खांदे. हे सगळं खेळलेल्या मुलाला सोळाव्या वर्षी हर्डल्स शिकवायला महिने लागत नाहीत.

हंगेरीतून कॅनडात गेलेल्या इस्तवान बाली यांनी 1990 च्या दशकात दीर्घकालीन खेळाडू घडणीचा जो आराखडा मांडला, त्याची पहिली पायरी हीच: आधी मौज आणि मूळ हालचाली, मग सराव कसा करायचा ते शिकणं, मग शरीर बांधणं, मग स्पर्धा करायला शिकणं, जिंकणं सर्वांत शेवटी. त्यांच्या आराखड्यातले काही भाग, विशेषतः अमुक वयात अमुक गुण घडवला नाही तर दार कायमचं बंद, ही कल्पना पुढच्या संशोधकांना पुराव्याअभावी पटली नाही. ते ठीकच झालं, नाहीतर चौदाव्या वर्षी मैदानावर आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आपण परत पाठवलं असतं. पण पायऱ्यांचा क्रम टिकून आहे.

वरच्या पातळीवर हे पटायला लागलंय. या खेळाच्या जागतिक संघटनेने 18 वर्षांखालची जागतिक स्पर्धा 2017 च्या नैरोबीनंतर बंदच केली. आपल्या देशाच्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या आंतरजिल्हा कुमार स्पर्धेत, ज्याला सगळे निडजॅम म्हणतात, 14 वर्षांखालच्या मुलांना आता बहुतेक करून एकाच प्रकारात नव्हे तर ट्रायथलॉनमध्ये उतरावं लागतं, म्हणजे पळणं, उडी आणि तिसरा एक प्रकार मिळून गुण. नॉर्वेत 11 वर्षं होईपर्यंत मुलांच्या निकालाच्या याद्याच लावत नाहीत. तो देश आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या लोकसंख्येएवढा आहे, थोडा मोठा.

आमच्या क्लस्टरला मात्र अजून सातवीच्या पोराला 100 मीटरचा नंबर एक काढायचाच असतो, कारण वर नाव कळवायचं असतं. शिक्षकाला दोष देत नाही. त्याच्या शाळेचं मोजमाप त्या नावावर होतं.

त्या मोजमापातूनच दाखल्यातली चलाखी जन्माला येते. महासंघ आणि काही खेळांच्या संघटना डाव्या मनगटाचा-पंजाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, टीडब्ल्यू-3 नावाची पद्धत. तिच्यातही वर्षभराची चूक निघू शकते आणि लवकर वाढलेलं प्रामाणिक पोरगंही कधीकधी तिच्यात अडकतं. पण वय कमी करून पळवलेल्या पोराचं जे होतं ते मिशीवाल्याच्या दुप्पट वाईट: एकोणिसाव्या वर्षी सोळाचा म्हणून जिंकलेला विसाव्या वर्षी कुणाशी पळणार?

शनिवारी आमच्या गावच्या माळावर वीसेक पोरं येतात. मी तिथे फक्त एक वही ठेवतो. प्रत्येकाच्या नावापुढे दर तीन महिन्यांनी उंची, वजन आणि कुठे दुखतंय ते. वेळा वर्षातून दोनदाच. उंची घरी मोजायची असेल तर दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलची खूण करा आणि शेजारी तारीख घाला. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर अंतर पडायला लागलं की उसळी सुरू झाली समजा. त्या काळात उड्या कमी, डांबर बंद, तंत्र आणि ताणाचे व्यायाम जास्त. आणि त्या काळातल्या वेळेवरून कुणाबद्दल मत बनवायचं नाही, ना चांगलं ना वाईट.

त्या दिवशी स्पर्धा संपल्यावर बारक्याचे वडील माझ्याकडे आले. ऊस आणि दोन बैल, शर्यतीचा नाद. म्हणाले, "सर, पोरगं रोज उठून पळूलालंय, आणि सहावं येतंय. बंद करू काय?"

मी त्यांना वही दाखवली. त्यांची स्वतःची उंची विचारली, घरच्यांची विचारली, कागदावर बेरीज करून दिली. 150 आणि 168. ते आकड्यांकडे थोडा वेळ बघत राहिले. मग मैदानाच्या कडेला मिशीवाला गळ्यात पदक घालून फोटो काढून घेत होता तिकडे बघितलं, मग झाडाखाली कुणाच्यातरी पाठीवरून उड्या मारणाऱ्या आपल्या पोराकडे.

"म्हणजे आमचं अजून आदत हाय म्हणा की," ते म्हणाले, आणि पोराला हाक मारून घराकडे निघाले.